टायगरची शिकवणी

कुत्र्यावर लेख लिहिण्याचा प्रसंग माझ्यावर कधी येईल असे वाटले नव्हते. ह्या त्रैमासिकासाठी आजवर मी जे काही थोडेफार लिहिले, ते उपासना, संतचरित्रे आणि क्वचित आपल्या वसईच्या जुन्या चालीरीतींविषयी. परंतु गेल्या काही वर्षांत ज्या एका गोष्टीने माझी झोप, माझे पैसे आणि स्वतःविषयीचा माझा बराचसा चांगला समज हिरावून नेला, ती गोष्ट चार पायांची आहे. आता अनेक घरांतून मला विचारणा होते, 'फादर, आमचा कुत्रा मोठा झालाय, फार घाबरतो, अंगावर धावून जातो. तुम्ही तुमच्या कुत्र्याला कुठे शिकवले?' प्रत्येकाला उभ्याउभ्या उत्तर देता देता मी थकलो. शिवाय उभ्याउभ्या दिलेल्या उत्तरात माझी स्वतःची चूक सांगायची राहून जाते. म्हणून हा लेख.

त्याचे नाव टायगर. हे नाव कुणी कोणत्या आशेने ठेवले ते देव जाणे. लॅब्रेडॉर आणि गावठी यांच्या संकरातून जन्मलेला, मधाच्या रंगाचा, एका कानाचे टोक मुडपलेले. २०२०च्या मार्च महिन्यात टाळेबंदी सुरू झाली, त्याच सुमारास परदेशातील मुलाने आपल्या विधवा आईला सोबत म्हणून हे पिल्लू आणवून दिले. मावशींचे घर वाडीच्या आतल्या बाजूस, बावखलाच्या काठावर. केळी, माड, आणि पलीकडे दुसऱ्याच्या वाडीचे कुंपण. वर्षभर त्या घरात कुणी गेले नाही. फाटकावर किराण्याची पिशवी अडकवून निघून जाणारा मुलगा आणि मावशी एवढेच टायगरचे जग. कुत्र्याच्या आयुष्यात साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ जगाशी ओळख करून घेण्याचा असतो. त्या दिवसांत त्याला जी माणसे, जे आवाज, ज्या वस्तू निर्धास्तपणे भेटतात त्या पुढे जन्मभर ओळखीच्या राहतात, हे मला फार उशिरा कळले. टायगरचा तो काळ बंद दाराआड गेला. त्यात मावशींचा दोष नव्हता. सगळे जगच तेव्हा बंद दाराआड होते.

पुढे निर्बंध उठल्यावर पहिल्या शुक्रवारी मी मावशींना ख्रिस्तप्रसाद घेऊन जाऊ लागलो. टायगर पलंगाखाली असे. दोन डोळे तेवढे दिसत. २०२३च्या पावसाळ्याच्या अखेरीस मावशी गेल्या. अंत्यविधीच्या दिवशी घर माणसांनी भरले, जपमाळ झाली, रडणे झाले, शवपेटी उचलली गेली, आणि तो मात्र त्या पलंगाखालून हलला नाही. दहा दिवसांच्या रजेवर आलेला मुलगा म्हणाला, "फादर, ह्याचे काय करू समजत नाही. कुठल्यातरी आश्रयगृहात ठेवावे लागेल." मी म्हटले, "राहू दे माझ्याकडे." हे मी चारचौघांत बोललो. त्या उद्गारात दया किती आणि चारचौघांनी ऐकावे ही हौस किती, ह्याचा हिशेब मी अजून पूर्ण केलेला नाही.

पॅरिश हाऊस हे अशा प्राण्यासाठी सर्वांत वाईट घर असावे. दिवसभर माणसांची ये-जा, कार्यालयात नोंदी मागणारे, लग्नाचा बँड, घंटा, सायंकाळी मैदानात फुटबॉल खेळणारी मुले. त्या वर्षीच्या दिवाळीत फटाके सुरू झाले तेव्हा टायगर पट्ट्यातून मान सोडवून पळाला. दोन तास शोधल्यावर सॅक्रिस्टनला तो चर्चमध्ये सापडला, पापनिवेदनाच्या पेटीत, धर्मगुरूच्या बाजूला, जमिनीला पोट टेकवून बसलेला. ह्या गोष्टीवर आम्ही सर्व फार हसलो. त्याच्या हृदयाचे ठोके बरगड्यांवरून मोजता येत होते, तरी हसलो.

नाताळपूर्वीच्या नोव्हेनाच्या एका संध्याकाळी नऊ वर्षांचा एक वेदीसेवक टेबलाखाली वाकला आणि टायगरच्या डोक्यावर हात ठेवू गेला. दात मनगटाला लागला. जखम मोठी नव्हती, टायगरचे लसीकरणही पूर्ण होते. तरी डॉक्टरांनी मुलाला इंजेक्शने दिली, आणि ते योग्यच होते. मुलाची आजी मला भेटायला आली. ती रागावली असती तर बरे झाले असते. ती एवढेच म्हणाली, "फादर, तुमच्या घरी पाठवले होते म्हणून आम्ही काळजी केली नव्हती."

धर्मग्राम परिषदेच्या बैठकीत कुत्र्याचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर आला. चर्चच्या आवारात कुत्रा शोभत नाही असे एका ज्येष्ठांचे म्हणणे पडले. दुसऱ्याने सुचवले की त्याला आज्ञापालनाचे शिक्षण द्यावे, मग प्रश्न राहणार नाही. आज्ञापालन हा शब्द ऐकताच मी सुखावलो. हा माझ्या परिचयाचा प्रांत होता. सेमिनरीत वर्षानुवर्षे त्यावर चिंतन केले, दीक्षेच्या दिवशी बिशपांच्या हातांत हात देऊन त्याचे वचन दिले, पुढे इतरांना त्यावर प्रवचने दिली. कुत्र्याला ते शिकवणे कितीसे अवघड असणार?

जानेवारी २०२४मध्ये मी त्याला महामार्गापलीकडच्या एका प्रशिक्षण केंद्रात ठेवले. एकवीस दिवस तेथेच मुक्काम, अठरा हजार रुपये, आणि 'शंभर टक्के आज्ञाधारक' अशी लेखी हमी. मी ते केंद्र निवडले त्यामागे एकच कारण होते: त्यात मला स्वतःला काही करावे लागणार नव्हते. शिकवतात कसे हे मी विचारले नाही. शिकवताना पाहता येईल का, असे विचारले तेव्हा 'मालक दिसला की कुत्रा लक्ष देत नाही' असे उत्तर मिळाले आणि मला ते पटले. वाचकांनी माझ्यापासून एकच गोष्ट घ्यायची असेल तर हीच घ्यावी. जेथे पाहू देत नाहीत, तेथे आपले जनावर ठेवू नये.

एकवीस दिवसांनी टायगर परत आला. गळ्यात ओढताच आवळणारी साखळी. 'बस' म्हणताच तो बसला. 'खाली' म्हणताच आडवा झाला. 'थांब' म्हटल्यावर मी अंगणाच्या टोकापर्यंत जाऊन आलो तरी जागचा हलला नाही. परिषदेतील ज्येष्ठांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रविवारी तिन्ही मिस्सांत मी आज्ञाधारकतेवर प्रवचन दिले आणि त्यात दृष्टांत म्हणून टायगरला घेतले. एका भित्र्या, दिशाहीन जीवाला शिस्तीने कसा आकार येतो वगैरे. प्रवचन लोकांना आवडले. काहींनी त्याची प्रत मागितली.

ज्यांना आवडले नाही अशा एकच व्यक्ती, आमच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या मावशी. ओट्याशी काम करता करता त्या म्हणाल्या, "फादर, आल्यापासून ह्याने शेपूट एकदाही हलवली नाही. हा शिकून बसत नाही, भिऊन बसतो." मी म्हटले, "मावशी, बसतो ना?" त्यावर त्या काही बोलल्या नाहीत.

मग एके सकाळी मिस्साला निघताना माझ्या हातातील किल्ल्यांचा जुडगा खळकन वाजला आणि टायगर जमिनीला चिकटला. त्याच्याखाली लघवीचे थारोळे झाले. दुसऱ्या दिवशी मुद्दाम नव्हे, चुकून, तेच पुन्हा घडले. किल्ल्यांचा तो आवाज कशासारखा होता हे मला तेव्हा उमगले. साखळीला हिसका देण्यापूर्वी तिच्या कड्या वाजतात, तसा. आणखी एक बदल झाला होता. पूर्वी कुणी जवळ आले तर तो गुरगुरे. आता गुरगुरणे थांबले होते, आणि आम्ही ते सुधारणेचे लक्षण मानत होतो. पंधरवड्यात त्याने सॅक्रिस्टनच्या हाताला तोंड घातले. आवाज नाही, इशारा नाही, काही नाही.

तेव्हा कुठे मी त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले. खरे म्हणजे ती पहिली पायरी असावयास हवी होती. डॉक्टरीणबाईंनी त्याला टेबलावर न घेता स्वतः जमिनीवर बसून, वळसा घेऊन, पाठीकडून तपासले. दोन्ही कानांत जुना संसर्ग होता. म्हणजे त्या मुलाने ज्या डोक्यावर प्रेमाने हात ठेवला, ते डोके दुखत होते. मोठ्या कुत्र्याचा स्वभाव बिघडला असे वाटले तर आधी कान, दात, सांधे, रक्त तपासून घ्यावे. दुखणाऱ्याला शिस्त लावता येत नाही, हे त्यांनी मला लहान मुलाला सांगावे तसे सांगितले.

आणि मग त्या म्हणाल्या, "फादर, गुरगुरणे म्हणजे त्याची सूचना होती. तुम्ही सूचना देण्याबद्दल शिक्षा करवलीत. भीती होती तेथेच राहिली, फक्त ती सांगण्याची सोय गेली." 'भुंकणारा कुत्रा चावत नाही' ह्या आपल्या म्हणीत जेवढे तथ्य आहे तेवढे कदाचित ह्यातच आहे: ज्याला भुंकू दिले जाते, त्याच्यावर चावण्याची पाळी कमी येते.

मला वाचनाची सवय आहे. मी वाचू लागलो. पाव्हलॉव्हचे नाव आपण सर्वांनी शाळेत ऐकले असेल. घंटा वाजली की लाळ गळते, एवढेच आपल्या लक्षात असते. हा इव्हान पाव्हलॉव्ह रशियातील रियाझान गावच्या धर्मगुरूचा मुलगा, आणि तो स्वतः तेथील सेमिनरीत शिकत होता. ती सोडून तो १८७०मध्ये विज्ञानाकडे वळला, आणि १९०४मध्ये पचनक्रियेवरील संशोधनासाठी त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. (सेमिनरी सोडून गेलेल्यांपैकी काहींचे फार चांगले होते, हे आम्हा राहिलेल्यांना नेहमीच थोडे खटकते.) १९२४च्या सप्टेंबरात लेनिनग्राडला महापूर आला. पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांना त्यांच्या कोठड्यांतून पाण्यातूनच कसेबसे बाहेर काढावे लागले. कुत्री वाचली; परंतु त्यांतील काहींचे महिनोन्महिने पक्के केलेले शिक्षण त्या एका भीतीने पुसून टाकले. एका कुत्र्याचे शिक्षण पुढे परत जमून आले, तेव्हा प्रयोगशाळेच्या दाराखालून थोडेसे पाणी आत सोडले, आणि तेवढ्याने तो पुन्हा कोलमडला. हे वाचताना मला माझ्या किल्ल्या आठवल्या. साखळीचा आवाज आणि मानेला बसणारा हिसका हीसुद्धा शिकवणीच होती. टायगर चांगला विद्यार्थी होता. शिकवायचे नव्हते तेच तो अचूक शिकला होता.

कुत्र्याला आपण 'म्होरक्या' आहोत हे दाखवून द्यावे लागते, ही कल्पना त्या केंद्रातील लोकांच्या तोंडी सारखी असे. तिचा उगम लांडग्यांत आहे. रुडॉल्फ शेंकेल ह्या अभ्यासकाने स्वित्झर्लंडमधील बाझल येथील प्राणिसंग्रहालयात बंदिस्त लांडग्यांचे निरीक्षण करून १९४७मध्ये त्यांच्यातील सत्तासंघर्षाचे वर्णन केले. अमेरिकेच्या डेव्हिड मेच यांनी १९७०च्या आपल्या ग्रंथातून तो विचार दूरवर नेला, आणि त्यांनीच पुढे रानातील लांडग्यांसोबत वर्षे घालवून १९९९मध्ये स्पष्ट लिहिले की निसर्गात लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा आई, बाप आणि त्यांची पोरे, एक कुटुंब. एकत्र कोंडलेल्या अनोळखी लांडग्यांवरून कुटुंबाविषयी निष्कर्ष काढले गेले होते. आपला गाजलेला विचार आपणच दुरुस्त करणे हे विद्वानाच्या आयुष्यात किती अवघड असते, हे ज्यांनी विद्वान जवळून पाहिले आहेत त्यांना सांगायला नको.

ह्या प्रकरणात आपले धर्मबंधूही आहेत. न्यूयॉर्क राज्यात न्यू स्केट नावाचा मठ आहे. तेथील संन्यासी जर्मन शेफर्ड जातीची कुत्री वाढवतात आणि इतरांच्या कुत्र्यांना शिकवतात. १९७८मध्ये त्यांनी लिहिलेले पुस्तक जगभर गाजले. त्यात कुत्र्याला बळाने उताणे पाडून दाबून धरण्याची एक शिक्षा सांगितली होती. २००२च्या सुधारित आवृत्तीत त्यांनी ती शिफारस मागे घेतली. मठात राहून, प्रार्थना करून, प्राण्यांवर प्रेम करूनही चूक होऊ शकते, आणि ती छापून मान्य करता येते, ह्याचा मला त्या दिवसांत मोठा आधार वाटला.

डॉक्टरीणबाईंनी मला एका तरुण प्रशिक्षिकेकडे पाठवले. पण ह्या खेपेस मी आंधळेपणाने गेलो नाही. प्रश्न घेऊन गेलो. कुत्र्याने बरोबर केले तर तुम्ही काय करता? चुकले तर काय करता? तो घाबरला तर काय करता? मी शेजारी उभा राहून पाहू शकेन का? ती म्हणाली, "बरोबर केले तर खाऊ. चुकले तर मी त्याला जास्त अवघड काम दिले असे समजून सोपे काम देते. घाबरला तर आम्ही लांब जातो. आणि फादर, तुम्ही पाहायचे नाही, तुम्हीच शिकवायचे. मी तुम्हाला शिकवीन." हमी मागितली तेव्हा ती हसली. "जिवंत प्राण्याची हमी कशी देणार? प्रयत्नाची देते."

अनेक कुत्र्यांच्या एकत्र वर्गाचाही पर्याय होता, आणि तो स्वस्त होता. धीट, खेळकर कुत्र्याला तो उत्तम. ज्याला परके कुत्रे आणि परकी माणसे हीच भीती आहे, त्याला अशा वर्गात नेणे म्हणजे पोहता न येणाऱ्याला आधी समुद्र दाखवण्यासारखे, असे ती म्हणाली, म्हणून शिकवणी घरीच ठरली. बुधवार आणि शनिवार, दुपारी तीन वाजता, म्हणजे आवार रिकामे असताना. साखळी काढून छातीभोवतीचा कापडी पट्टा आला. तोंडाला जाळीची टोपी घालून घेण्याचीही सवय लावली, पण ती अशी, की टोपीच्या आत आधी मांसाचा तुकडा ठेवायचा आणि त्याने आपण होऊन तोंड आत घालायचे. हे एकच काम तीन आठवडे चालले. खाऊ म्हणून उकडलेली कोंबडी आणि आमच्या मावशींच्या आग्रहामुळे सुका बोंबील. धुऊन, उकडून, बारीक तुकडे करून. वसईच्या कुत्र्याला बोंबलाचा वास किती लांबून येतो ह्यावर कुणीतरी प्रबंध लिहावा.

मला सर्वांत अवघड गेले ते पाहणे. टायगर जांभई देई तेव्हा मला तो आळसावला आहे असे वाटे. ती जांभई ताणाची होती. नाक चाटणे, मान वळवणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणे, आवडता खाऊ नाकारणे, ही सारी त्याची बोलणीच होती. मी पंचवीस-तीस वर्षे व्यासपीठावरून लोकांच्या जांभया पाहत आलो आहे; त्यांचाही काही वेगळा अर्थ असू शकेल हा विचार मला प्रथमच शिवला. (बहुतेकांचा नसावा.)

एकदा मी वैतागून म्हणालो, "हा ऐकतच नाही." ती मुलगी पटकन म्हणाली, "फादर, ऐकतो, पण आता त्याला ऐकू येत नाहीये. तो त्या बँडवाल्यांकडे बघतोय. आपण मागे जाऊ." आम्ही वीस पावले मागे गेलो. मी हळूच नाव घेतले. त्याने मान वळवली.

आपल्या मराठीत 'ऐकणे' ह्या एकाच क्रियापदाचे दोन अर्थ आहेत, कानाने ऐकणे आणि सांगितलेले करणे. लॅटिनमध्ये आज्ञाधारकतेला जो शब्द आहे त्याचेही मूळ ऐकण्यातच आहे, आणि संत बेनेडिक्टची नियमावली शिष्याला आधी ऐकावयास सांगूनच सुरू होते. सेमिनरीत हे मी पाठ केले होते. पण ज्याला ऐकायचे आहे त्याच्यावर ओरडले तर त्याला ऐकू येईनासे होते, ही साधी गोष्ट मला एका मुलीने बँडच्या आवाजात समजावून दिली.

पोर्तुगालमध्ये निरनिराळ्या प्रशिक्षण वर्गांतील ९२ कुत्र्यांचा अभ्यास २०२०मध्ये प्रसिद्ध झाला आहे. जेथे हिसके, दटावणी, शिक्षा ह्यांवर भर होता, तेथील कुत्र्यांमध्ये शिकताना ताणाची लक्षणे जास्त दिसली आणि शिकवणीनंतर त्यांच्या लाळेतील कॉर्टिसॉलचे प्रमाणही अधिक वाढलेले आढळले. मी हे आकडे परिषदेपुढे ठेवले. एका सदस्याने विचारले, "पण फादर, मारल्याशिवाय वळण लागते का? आपण सगळे मारच खाऊन मोठे झालो."

ह्या प्रश्नाने मला झोपू दिले नाही. डॉन बॉस्कोंनी १८७७मध्ये शिक्षणाच्या दोन पद्धतींविषयी लिहिले. एक दडपणाची: नियम सांगावा, पहारा ठेवावा, मोडला की शिक्षा करावी. ही सोपी. दुसरी प्रतिबंधाची: मुलाच्या सोबत राहावे, चूक घडण्यापूर्वीच हात धरावा, विवेक, धर्म आणि ममता हे तिचे आधार. सेमिनरीच्या परीक्षेत ह्यावर प्रश्न होता आणि मला चांगले गुण मिळाले होते. त्यानंतर थोड्याच वर्षांनी, सहायक धर्मगुरू असताना, माझ्याकडे वेदीसेवकांची जबाबदारी होती. एका सणाच्या मिस्सात एका मुलाने घंटा भलत्या वेळी वाजवली. मिस्सा संपल्यावर सॅक्रिस्टीत, सर्व मुलांसमोर, मी त्याच्या कानशिलात मारली. त्यानंतर त्या मुलाने कधीही चूक केली नाही. त्याच्या वडिलांना मी सांगितले होते, 'इतका आज्ञाधारक मुलगा दुसरा नाही.' ते ऐकून ते किती खूश झाले होते!

तो मुलगा आता चाळिशीत आहे. टायगर परत येऊन लघवी करू लागला तेव्हापासून त्याचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढे येत होता. म्हणजे चेहरा नव्हे, त्याचे ते न चुकणे. चाळीसाव्या दिवसापर्यंत टाळत टाळत त्या उपवासकाळाच्या अखेरीस मी त्याच्या घरी गेलो. त्याने दार उघडले, खुर्ची दिली, स्वतः उभा राहिला. मी म्हटले, "बस ना." तो लगेच बसला. मी त्या घटनेविषयी बोललो आणि क्षमा मागितली. मला वाटले होते तो म्हणेल, 'जाऊ द्या फादर, तेव्हा सगळेच मारत.' पुष्कळ जण असे म्हणतात आणि आपली सुटका होते. तो म्हणाला, "मला आठवते, फादर. माझ्या मुलाला मी वेदीसेवक होऊ दिले नाही, ते त्यामुळेच." त्याच्या पत्नीने चहा आणला. आम्ही पावसाविषयी, वसईच्या पाण्याविषयी बोललो. निघताना तो फाटकापर्यंत आला. त्याने क्षमा केली की नाही हे मी विचारले नाही. ते विचारण्याचा अधिकार मला नव्हता.

टायगरच्या बाबतीत प्रगती सरळ रेषेत झाली असे कुणी समजू नये. मे महिन्यात लग्नांची धामधूम सुरू झाली आणि दोन महिन्यांचे काम एका बँडने धुऊन काढले. डॉक्टरीणबाईंनी भीती कमी करणाऱ्या गोळ्या सुरू केल्या. त्या घेऊ नयेत असे सांगणारे आवारात पुष्कळ होते, पण त्यांनीच आपल्या रक्तदाबाच्या गोळ्या कधी चुकवल्याचे मला आठवत नाही. फटाक्यांचा आवाज फोनवर लावून, आधी इतका बारीक की मलाच ऐकू येऊ नये, आणि प्रत्येक आवाजाबरोबर बोंबलाचा तुकडा, असे आम्ही जुलैपासून सुरू केले. शिकवायच्या गोष्टी फक्त चार ठेवल्या: आपल्या चटईवर जाणे, हाताला नाक लावणे, नाव घेताच वळून पाहणे, आणि नको असेल तेव्हा उठून निघून जाणे. चौथी गोष्ट परिषदेतील ज्येष्ठांना आज्ञापालनात बसत नाही असे वाटले. मुलांना मात्र ती लगेच कळली. मी वेदीसेवकांना बसवून सांगितले होते, की टायगर उठून गेला तर त्याच्या मागे जायचे नाही, आणि तो चटईवर असेल तर तेथे कुणी जायचे नाही. नियम कुत्र्यासाठी नव्हता, आमच्यासाठी होता. ज्या मुलाला दात लागला होता तोच इतर मुलांवर लक्ष ठेवू लागला. त्याची आजी एकदा म्हणाली, "घरी पण हा आता म्हणतो, मी चटईवर आहे, मला कुणी बोलू नका."

२०२४च्या दिवाळीत टायगर पापनिवेदनाच्या पेटीत गेला नाही. तो माझ्या खोलीत, पलंगाखालीच होता, पंखा जोरात आणि खिडक्या बंद. थरथरत होता, पण मी खाली हात नेला तेव्हा त्याने हाताला नाक लावले. पट्ट्यातून सुटून पळणाऱ्या आणि जीव मुठीत धरून बसणाऱ्या कुत्र्याचे हे काय मोठेसे, असे कुणी म्हणेल. मीही दोन वर्षांपूर्वी तसेच म्हणालो असतो.

किल्ल्यांचा जुडगा मी कापडी पिशवीत ठेवतो. तेवढे मात्र अजून सुधारले नाही.

२०२५मध्ये माझी बदली झाली. पत्र हाती पडले तेव्हा पहिला विचार मनात आला तो कार्यालयाच्या कागदपत्रांचा नव्हता. नव्या धर्मग्रामाच्या परिषदेला मी आधीच पत्र लिहून टायगरविषयी सर्व कळवले. दाताचा प्रसंग लपवला नाही. प्रशिक्षिकेच्या सांगण्यावरून बदलीपूर्वी त्याला तीनदा तेथे नेऊन आणले, दर खेपेस तासभर, तीच चटई बरोबर घेऊन. आपल्या बायबलमधील तोबितच्या पुस्तकात तरुण तोबियास देवदूतासोबत प्रवासाला निघतो, तेव्हा घरचा कुत्राही त्यांच्यामागून निघतो. आपल्या प्रॉटेस्टंट बंधूंच्या बायबलमध्ये ते पुस्तक नाही, त्यामुळे बिचाऱ्यांकडे तो कुत्राही नाही. त्याला कुणी चल म्हटल्याचे तेथे लिहिलेले नाही. तो नुसता निघतो. टायगर काही तसा निघाला नाही. सामानाचा टेंपो भरला, माणसे निरोपाला जमली, आणि तो मावशींच्या स्वयंपाकघरात ओट्याखाली जाऊन बसला. कुणीतरी म्हणाले, "फादर, ओढा त्याला, टेंपोवाला थांबलाय."

मी टेंपो पुढे पाठवून दिला. चटई गाडीच्या मागच्या सीटवर अंथरली, दार उघडे ठेवले आणि स्वयंपाकघराच्या पायरीवर जाऊन बसलो. मावशींनी शेवटचे बोंबील उकडून डब्यात भरून दिले होते. तो पाऊण तासाने बाहेर आला.